संततीची आस : दुआ, दवा आणि आपल्या सवयी

निकाहाला दोन वर्षे झाली की घरात एक प्रश्न वावरू लागतो. प्रथम तो नजरेत असतो, मग कुजबुजीत येतो आणि अखेरीस एखाद्या लग्नसमारंभात चारचौघींच्या देखत उघड विचारला जातो. विचारला जातो तो सुनेला. दवाखान्यात तिलाच नेले जाते, तावीज तिच्याच गळ्यात बांधला जातो आणि बोल तिच्याच नशिबाला लावला जातो. तिचा पती त्या वेळी पानठेल्यावर खर्रा घोटून घेत उभा असतो. त्याला कोणी काही विचारत नाही.

केळापूर तालुक्यातील वाचकांना हे चित्र अपरिचित नाही. पांढरकवडा असो, पाटणबोरी असो वा कापसाच्या शेतांत विखुरलेली लहान गावे असोत, संततीची वाट पाहणारी जोडपी सर्वत्र आहेत आणि त्यांच्या दुःखाचा भार बहुतेक ठिकाणी एकट्या स्त्रीच्या खांद्यावर आहे. या लेखात आपण दोन गोष्टी समजून घेऊ. संततीविषयी इस्लामने कोणती दृष्टी दिली आहे, ही पहिली. आपल्या रोजच्या कोणत्या सवयी गर्भधारणेच्या आड येतात, ही दुसरी. या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत, हे लेखाच्या शेवटी आपल्या ध्यानात येईल, इन्शाअल्लाह.

देणारा अल्लाह, प्रयत्न करणारा बंदा

सूरह अश्-शूरा (आयत ४९-५०) मध्ये अल्लाहने संततीचा निर्णय स्वतःच्या हाती असल्याचे स्पष्ट केले आहे. तो कोणाला मुली देतो, कोणाला मुले देतो, कोणाला दोन्ही देतो आणि ज्याला इच्छितो त्याला निःसंतान ठेवतो. तो सर्व काही जाणणारा व सर्व सामर्थ्य बाळगणारा आहे. या आयतींत मुलींचा उल्लेख आधी आला आहे, हेही ध्यानात घ्यावे.

या आयतींचा अर्थ काही जण असा लावतात की, सारे काही अल्लाहच्या हाती असेल तर डॉक्टरकडे कशाला जायचे आणि सवयी कशाला बदलायच्या? हा तवक्कुल नव्हे. ‘जामेअ तिर्मिजी’मधील सुप्रसिद्ध हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की, उंटाला बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळे सोडून? आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असेच उत्तर त्याला मिळाले. ‘सहीह बुखारी’तील दुसऱ्या एका हदीसनुसार अल्लाहने असा कोणताही आजार उतरविलेला नाही, ज्याचा इलाजही त्याने उतरविलेला नाही. म्हणून इलाज शोधणे ही अल्लाहवरील अविश्वासाची खूण ठरत नाही. त्याने ठेवलेल्या इलाजाकडे पाठ फिरवणे ही मात्र कृतघ्नता ठरू शकते.

हजरत जकरिया (अ.) यांची प्रार्थना

कुरआनात संततीसाठी केलेल्या प्रार्थनांमध्ये हजरत जकरिया (अ.) यांची प्रार्थना आपल्या हृदयाच्या फार जवळची आहे. सूरह मरयमच्या आरंभी तिचे वर्णन आले आहे. तिचा क्रम लक्षपूर्वक पाहा. हजरत जकरिया (अ.) अल्लाहला एकांतात, हळू आवाजात पुकारतात. सर्वप्रथम ते स्वतःविषयी बोलतात. आपली हाडे अशक्त झाली आहेत आणि डोके वार्धक्याने पांढरे झाले आहे, अशी कबुली ते देतात. त्यानंतरच पत्नीला मूल होत नसल्याचा उल्लेख येतो. पुढे याच सूरहमध्ये आणि सूरह आले इमरानमध्येही (आयत ४०) पत्नीच्या स्थितीचा उल्लेख आहे, परंतु प्रत्येक ठिकाणी त्याच्या सोबत त्यांच्या स्वतःच्या वार्धक्याचाही उल्लेख आहे. एकट्या पत्नीकडे त्यांनी एकदाही बोट दाखविलेले नाही.

एक प्रेषित आपल्या पालनकर्त्यासमोर आधी स्वतःची दुर्बलता मांडतो. मग आपल्यापैकी कोणा पतीला असे म्हणण्याचा अधिकार कोठून मिळतो की, दोष माझ्यात असूच शकत नाही? या लेखाचा गाभा हाच आहे. संततीची इच्छा असलेल्या पुरुषाने आधी स्वतःकडे, स्वतःच्या हाताकडे आणि स्वतःच्या तोंडाकडे पाहावे.

वैद्यकशास्त्र काय सांगते?

कोणत्याही गर्भनिरोधनाशिवाय नियमित सहवास असताना १२ महिन्यांत गर्भधारणा झाली नाही, तर वैद्यकशास्त्र त्याला वंध्यत्व म्हणते. पत्नीचे वय ३५ पेक्षा अधिक असेल तर सहा महिन्यांनंतरच डॉक्टरांना भेटावे, कारण स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता वयानुसार घटत जाते. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार जगातील दर सहा प्रौढ व्यक्तींपैकी सुमारे एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा या अडचणीला सामोरे जावे लागते. म्हणजे आपले दुःख जगावेगळे नाही आणि ते लपविण्यासारखे पापही नाही.

सुमारे निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषातील दोष हे एकमेव कारण असते किंवा अनेक कारणांपैकी एक असते. पुरुषाची प्रकृती धडधाकट असणे, त्याला दाढी-मिशा असणे किंवा त्याची वैवाहिक क्षमता उत्तम असणे, यावरून त्याचे शुक्राणू निरोगी आहेत असे सिद्ध होत नाही. ते केवळ तपासणीतूनच कळते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक पतीने ध्यानात ठेवावी. पुरुषाच्या शरीरात एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७० ते ७५ दिवस लागतात आणि पुढे परिपक्व होऊन बाहेर येण्यास आणखी काही दिवस. सारी प्रक्रिया मिळून जवळजवळ तीन महिने होतात. मृगाच्या पावसावर पेरलेली पऱ्हाटी आठ दिवसांत बोंडे देत नाही, तसेच हेही आहे. आज सोडलेल्या वाईट सवयीचे फळ तीन महिन्यांनी दिसते आणि आज चालू ठेवलेल्या सवयीचे नुकसानही तीन महिन्यांनीच दिसते. म्हणून चार दिवस तंबाखू सोडून काही फरक पडला नाही, असे म्हणणे व्यर्थ आहे.

खर्रा, विडी आणि तंबाखू

विदर्भात खऱ्र्याची ओळख करून देण्याची गरज नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून बनविलेला हा पदार्थ तरुणांच्या खिशात सर्रास आढळतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, परंतु पानठेल्यावर डोळ्यांसमोर घोटला जाणारा खर्रा सुटला नाही. त्यामुळे तोंडाचा कर्करोग होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. तो पाळणाही रिकामा ठेवू शकतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

तंबाखूतील निकोटीन व इतर विषारी द्रव्ये रक्तातून थेट प्रजननसंस्थेपर्यंत पोहोचतात. त्यांच्यामुळे शुक्राणूंची संख्या घटते, हालचाल मंदावते, आकार बिघडतो आणि त्यांच्यातील आनुवंशिक द्रव्याला इजा होते. भारतात वंध्यत्वाच्या तपासणीस आलेल्या, तंबाखू चघळणाऱ्या पुरुषांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, चघळण्याचे प्रमाण जितके अधिक, तितका वीर्यतपासणीचा अहवाल अधिक वाईट. आपण विडी ओढत नाही, केवळ खर्रा खातो, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

स्त्रियांनीही येथे थोडे थांबावे. मिश्री वा गुल दातांना लावण्याची सवय म्हणजे तंबाखूचेच सेवन होय. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भधारणेस विलंब, गर्भपात आणि गर्भनलिकेत गर्भ राहणे यांचे प्रमाण अधिक आढळते, तसेच रजोनिवृत्तीही लवकर येते. पतीने घरात ओढलेल्या विडीचा धूर पत्नीच्या शरीरातही जातो. त्या धुरातील पत्नीचा वाटा पतीने तिला न विचारताच ठरविलेला असतो.

तंबाखूविषयी पूर्वीच्या उलेमांमध्ये मतभेद होते. काहींनी तिला मकरूह म्हटले, काहींनी हराम. तिची हानी सिद्ध झाल्यानंतर आजचे अनेक उलेमा तिला हरामच मानतात. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, या सूरह अल्-बकरामधील (आयत १९५) आदेशाचा आधार ते घेतात. कच्चा कांदा-लसूण खाऊन मस्जिदीत येण्यास प्रेषित (स.) यांनी मनाई केली, कारण त्या वासाचा इतरांना उपद्रव होतो. मग तोंडात खर्रा धरून पहिल्या सफेत उभे राहणाऱ्याने आपल्या शेजारच्या नमाजी बांधवाचा काय विचार केला असेल?

दारू व इतर मादक पदार्थ तर स्पष्टपणे हराम आहेत. त्यांचा प्रजननक्षमतेवर होणारा दुष्परिणामही वैद्यकशास्त्राने मान्य केला आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांसाठी आणखी एक इशारा आवश्यक आहे. दंड फुगविण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा तत्सम संप्रेरकांची इंजेक्शने शरीरातील नैसर्गिक शुक्राणूनिर्मिती थांबवतात. बाहेरून पुरुषी दिसण्याच्या हौसेपायी पितृत्वच गमावण्याची वेळ येऊ शकते. ती बंद केल्यावर बहुतेकांत निर्मिती पुन्हा सुरू होते, परंतु त्यासाठी अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागू शकतो.

फवारणीचे विष

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. त्या वर्षी कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या घटनेने फवारणीचे तात्काळ दिसणारे विष साऱ्या देशापुढे आणले. परंतु काही रसायनांचा परिणाम न दिसता, हळूहळू होतो.

याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेतील आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्निया राज्यातील लॅथ्रॉप येथील एका कारखान्यात जमिनीतील सूत्रकृमी मारणारे ‘डीबीसीपी’ नावाचे रसायन तयार होत असे. तेथील कामगार आपसात बोलू लागले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की आपल्यापैकी अनेकांना मूल होत नाही. तपासणी केल्यावर अनेकांच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी किंवा मुळीच नसल्याचे आढळले. ते सारे कामावर येणारे, हिंडते-फिरते पुरुष होते. बाहेरून कोणतेही लक्षण दिसत नव्हते. ते एकमेकांशी बोलले नसते, तर कदाचित प्रत्येक घरात दोष पत्नीलाच दिला गेला असता.

आपल्याकडे कापसावर फवारली जाणारी औषधे निराळी आहेत. तथापि, कीटकनाशकांशी वारंवार व असुरक्षित संपर्क येणाऱ्या पुरुषांमध्ये वीर्याची गुणवत्ता खालावलेली अनेक अभ्यासांत आढळली आहे. म्हणून पुढील दक्षता घ्यावी :

औषध उघड्या हाताने कालवू नये. हातमोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा व पूर्ण अंग झाकणारे कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये आणि गळका पंप पाठीवर घेऊ नये. फवारणी चालू असताना खर्रा, विडी किंवा अन्न तोंडात घालू नये. औषधाने माखलेल्या हाताने खर्रा तोंडात टाकणे म्हणजे दोन विषे एकाच वेळी गिळणे होय. घरी येताच साबणाने आंघोळ करावी आणि ते कपडे इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. बहुधा ते कपडे पत्नीच धुते, म्हणून तिनेही हातमोजे घालावेत. औषधाचा रिकामा डबा घरात धान्य वा पाणी ठेवण्यास कदापि वापरू नये. गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रीने औषध कालवणे टाळावे आणि नुकत्याच फवारलेल्या शेतात वेचणी किंवा निंदणासाठी जाऊ नये.

आपले शरीर ही अल्लाहची अमानत आहे. पोटासाठी राबणारा मजूर ही साधने स्वतः विकत घेऊ शकत नसेल, तर ती पुरविणे ही शेतमालकाची जबाबदारी आहे. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची ताकीद देणारा दीन त्याच्या जिवाविषयी बेपर्वाई कशी खपवून घेईल?

उष्णता, आहार आणि झोप

निर्मात्याने पुरुषाचे वृषण शरीराच्या बाहेर ठेवले, यामागे हिकमत आहे. शुक्राणू तयार होण्यासाठी शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्यातच वीटभट्टी, तंदूर, वेल्डिंग किंवा महामार्गावर तासन्तास ट्रक चालविणे अशी कामे असतील, तर उष्णतेचा ताण वाढतो. रोजगार सोडणे शक्य नसते, परंतु दर तासाला उठून थोडे चालणे, सैल सुती कपडे घालणे, सावलीत विश्रांती घेणे, भरपूर पाणी पिणे आणि मांडीवर लॅपटॉप ठेवून काम न करणे, एवढे निश्चित करता येते.

आहाराविषयी प्रेषित (स.) यांची शिकवण प्रसिद्ध आहे. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा. आपल्या दावतींमध्ये या शिकवणीचे काय होते, हे सांगावयास नको. अतिरिक्त वजनामुळे पुरुषांतील व स्त्रियांतील संप्रेरकांचा समतोल बिघडतो. ज्या भगिनींची पाळी लांबते, चेहऱ्यावर लव वाढते आणि वजनही अधिक असते, त्यांना बहुधा ‘पीसीओएस’ हा विकार असल्याचे निदान होते. अशा वेळी वजन पाच ते दहा टक्क्यांनी कमी केल्यानेही अनेकींची पाळी नियमित होते व बीज सुटू लागते. म्हणजे ८० किलो वजनाच्या स्त्रीसाठी चार ते आठ किलो. याउलट, अत्यंत कृश शरीर व पंडुरोग यांमुळेही पाळीवर व गर्भधारणेवर परिणाम होतो. ज्वारीची भाकर, डाळी, हिरव्या पालेभाज्या, अंडी, मासे, फळे, मूठभर शेंगदाणे हा आपल्या घरातील साधा आहार पुरेसा आहे. मैदा, तळलेले पदार्थ, बाटलीबंद गोड पेये आणि दिवसभरातील साखरेचे असंख्य चहा कमी करावेत.

गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करतानाच स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने दररोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घेण्यास प्रारंभ करावा. त्यामुळे बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूतील गंभीर व्यंगांचा धोका कमी होतो. मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड किंवा मिरगीची औषधे चालू असतील तर ती स्वतःहून बंद करू नयेत. मूल हवे आहे, हे डॉक्टरांना आधी सांगावे.

झोपेचाही विचार व्हावा. इशाच्या नमाजनंतर निष्कारण गप्पा मारत बसणे प्रेषित (स.) यांना पसंत नव्हते. आज गप्पांची जागा मोबाईलने घेतली आहे. पती एका खोलीत पडद्यावर, पत्नी दुसऱ्या खोलीत पडद्यावर आणि फजर दोघांचीही चुकलेली. अशा घरात शरीराला विश्रांती मिळत नाही आणि पती-पत्नीला सहवासही मिळत नाही.

सहवास आणि योग्य दिवस

हा विषय लाजेचा वाटतो, परंतु दीन व आरोग्य समजून घेण्यात लाज आड येऊ नये. हजरत आयेशा (रजि.) यांनी अन्सारी स्त्रियांची प्रशंसा याच कारणासाठी केली होती की, दीन समजून घेताना त्यांनी लाजेला आड येऊ दिले नाही.

स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला बहुधा एकच बीज सुटते, तेही पुढील पाळी येण्याच्या सुमारे १४ दिवस आधी. ते केवळ १२ ते २४ तास टिकते. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून गर्भधारणेची शक्यता बीज सुटण्याच्या दिवशी व त्यापूर्वीच्या पाच दिवसांत असते. पाळी २८ दिवसांनी येत असेल, तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजता साधारण नववा ते चौदावा दिवस. हैज संपून गुस्ल झाल्यानंतर एक दिवसाआड किंवा दोन दिवसांआड सहवास ठेवला, तर दिवस मोजत बसण्याची चिंताही उरत नाही.

आपल्यातील अनेक पती नागपूर, हैदराबाद किंवा आखाती देशांत कामाला असतात किंवा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतात. ते महिन्यातून दोन दिवस घरी येतात आणि ते दोन दिवस नेमके चुकीचे असतात. अशा जोडप्यात कोणताही आजार नसताना वर्षे निघून जातात आणि दोष सुनेला मिळतो. अशा पतीने आपली रजा पत्नीशी सल्लामसलत करून ठरवावी. मुलाचे दूध तोडण्यासारख्या बाबीतही कुरआनाने पती-पत्नीच्या परस्पर संमतीला व सल्लामसलतीला महत्त्व दिले आहे (सूरह अल्-बकरा, आयत २३३). मग मूल होण्याच्या बाबीत ते किती अधिक असेल!

तपासणीची लाज कोणी बाळगावी?

सवयी सुधारल्याने सर्वच अडचणी दूर होतात, असे मात्र नाही. बंद झालेल्या गर्भनलिका, गर्भाशयाचा क्षयरोग, थायरॉईडचा विकार, वीर्यात शुक्राणूंचा पूर्ण अभाव, यांना वैद्यकीय उपचारच लागतात. म्हणून तपासणीस विलंब करू नये आणि ती दोघांचीही एकाच वेळी व्हावी. पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी व कमी खर्चाची तपासणी आहे. त्यासाठी दोन ते सात दिवस सहवास टाळून नमुना द्यावा लागतो. स्त्रीच्या गर्भनलिका तपासण्यासारख्या त्रासदायक चाचण्यांकडे वळण्यापूर्वी ती होणे हेच न्यायाचे आहे. पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात प्राथमिक सल्ला घेऊन पुढे यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते.

येथे दोन धोके टाळावेत. पहिला, हमखास मूल किंवा हमखास मुलगाच होण्याची पुडी विकणारे भोंदू. दुसरा, गंडे-तावीज. अल्लाहशिवाय अन्य कशाशी आशा बांधण्याची ही वाट शिर्ककडे नेऊ शकते, म्हणून प्रेषित (स.) यांनी तिच्यापासून सावध केले आहे. या दोन्हींत पैसा जातो, पत्नीचे वय वाढत जाते आणि उपचाराची योग्य वेळ निघून जाते.

कृत्रिम गर्भधारणेची गरज भासल्यास तिची शरई मर्यादाही जाणून घ्यावी. इस्लामी फिकह अकादमीने १९८६ मध्ये अम्मान येथील अधिवेशनात असा निर्णय दिला की, निकाह कायम असताना पतीचे शुक्राणू व पत्नीचे बीज वापरून, पत्नीच्याच गर्भाशयात, आवश्यक दक्षता घेऊन केलेला उपचार गरजेच्या वेळी करता येतो. तिसऱ्या व्यक्तीचे शुक्राणू, बीज किंवा गर्भाशय वापरणे निषिद्ध आहे, कारण त्यात वंशाची सरमिसळ होते. असा उपचार २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या केंद्रातच घ्यावा आणि आपली शरई अट प्रारंभीच स्पष्टपणे सांगावी.

तीन महिन्यांचा संकल्प

सूरह नूहमध्ये (आयत १०-१२) हजरत नूह (अ.) आपल्या लोकांना इस्तिगफार करण्यास सांगतात आणि त्याच्या फळांमध्ये पाऊस, संपत्ती व संततीचा उल्लेख करतात. इस्तिगफार केवळ जिभेने होत नाही. ज्या सवयीने आपण स्वतःचे व जोडीदाराचे नुकसान केले, ती सोडणे हाही तौबेचाच भाग आहे.

तेव्हा पती-पत्नीने एकत्र बसून तीन महिन्यांचा संकल्प करावा. पतीने खर्रा व विडी पूर्णपणे सोडावी. ते एकट्याने जमत नसेल तर तंबाखूमुक्तीसाठीच्या १८००-११-२३५६ या शासनाच्या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मदत घ्यावी. दोघांनी रोज अर्धा तास चालावे. इशानंतर मोबाईल बाजूला ठेवावा. फजरनंतर दोघांनी मिळून दुआ करावी. तपासणीची तारीख ठरवावी आणि दोघांनीही एकत्र जावे. सासू-सासऱ्यांनी या काळात सुनेला एकही प्रश्न विचारू नये. त्यांच्यासाठी हाच संकल्प पुरेसा आहे.

आणि तरीही मूल झाले नाही तर?

सर्व उपाय करूनही काहींच्या नशिबी संतती नसेल. अशा बंधू-भगिनींनी हजरत आयेशा (रजि.) यांचे जीवन डोळ्यांसमोर ठेवावे. त्यांना मूल झाले नाही. परंतु त्या समस्त श्रद्धावंतांच्या माता आहेत, दोन हजारांहून अधिक हदीस त्यांच्याकडून उम्मतीला मिळाल्या आणि मोठमोठे सहाबा मसले विचारण्यासाठी त्यांच्या दाराशी येत असत. त्यांना कोणी अपूर्ण स्त्री म्हटले आहे काय? मग आपल्या घरातील मुलीला ते म्हणण्याचे धाडस आपण कसे करतो?

अनाथाचा सांभाळ करणारा जन्नतमध्ये आपल्या इतक्या जवळ असेल, असे सांगताना प्रेषित (स.) यांनी आपली दोन बोटे जुळवून दाखविली होती. अनाथ मुलाचे मूळ पितृत्वाचे नाव कायम ठेवून त्याला माया देण्याचे दार प्रत्येक निःसंतान जोडप्यासाठी उघडे आहे.

सूरह अल्-अंबियामध्ये (आयत ९०) हजरत जकरिया (अ.) यांना पुत्र याह्या (अ.) दिल्याचा उल्लेख आहे. त्यांच्यासाठी त्यांच्या पत्नीलाही अल्लाहने निरोगी केले, असे तेथे म्हटले आहे. याच आयतीत या सज्जनांचे वैशिष्ट्यही सांगितले आहे की, ते भल्या कामांत धाव घेत आणि आशेने व भयाने अल्लाहला पुकारत. म्हणजे पुकारणेही होते आणि धाव घेणेही होते. आपण पुकारतो, परंतु धाव घेण्याचे काम पत्नीवर सोपवून पानठेल्यावर उभे राहतो. आता पाऊल आपले उचलले जावे.

हे अल्लाह! संततीसाठी आसुसलेल्या प्रत्येक जोडप्याला नेक व निरोगी संतती प्रदान कर. ज्यांच्यासाठी तू अन्य काही ठरविले आहेस, त्यांची मने समाधानाने भरून टाक. आम्हा पुरुषांना स्वतःच्या उणिवा पाहण्याचे धैर्य दे आणि आमच्या घरांतील लेकी-सुनांना आमच्या जिभांपासून सुरक्षित ठेव. आमीन.